रड्याकडून नेमकं काय घ्यायचं?

"ताई, मी २६ वर्षांचा आहे. साताऱ्यात औषधांच्या दुकानात नोकरी करतो. लहानपणी आजोबांनी जाड्या-रड्याच्या सीडी आणून दाखवल्या, तेव्हापासून स्टॅन लॉरेल माझं दैवत आहे. मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र मिळून मंडळांच्या कार्यक्रमांत, सोसायट्यांच्या गॅदरिंगमध्ये दहा-पंधरा मिनिटांची स्किटं करतो. तो जाड्या, मी रड्या. लोक पोट धरून हसतात. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच स्पर्धेत उतरलो. परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, 'ही लॉरेलची झेरॉक्स आहे. यात तुमचं काय?' त्या रात्रीपासून मला आरशासमोर उभं राहवत नाही. केस उभे केले की चोरी केल्यासारखं वाटतं. त्यात मित्रानं तालमीला येणं बंद केलंय. म्हणतो, 'सगळा हशा तुझ्या वाट्याला, मी नुसता मार खायला.' मी लॉरेल सोडून देऊ का? आणि मित्राला काय सांगू?"
– एक वाचक, सातारा

प्रिय मित्रा,

उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. लॉरेल सोडू नकोस. उभे केस मात्र आता विंचरून खाली बसव. आणि मित्राचा प्रश्न तू पत्राच्या शेवटी लिहिलास, पण खरा पहिला प्रश्न तोच आहे. मीही त्याच्याकडे शेवटीच येणार आहे, कारण तिथवर लॉरेलच्याच वाटेनं जावं लागेल.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शाळेच्या पटांगणात, दोन खांबांना बांधलेल्या पांढऱ्या कापडावर. वारा आला की कापड फुगायचं आणि जाड्या आणखी जाड दिसायचा. स्टॅन लॉरेल आणि ऑलिव्हर हार्डी ही नावं आम्हाला पुढे कित्येक वर्षं ठाऊक नव्हती, ती दोघं कुठल्या देशातली याचीही कुणाला पर्वा नव्हती. जर्मन लोकांनी त्यांना 'डिक उंड डूफ' म्हटलं, म्हणजे जाड्या आणि मठ्ठ. आपल्याकडे ज्यानं कुणी नाव ठेवलं त्यानं त्याला मठ्ठ म्हटलं नाही, रड्या म्हटलं. रडणाऱ्या पोराला आपण घरात ज्या सुरात रड्या म्हणतो, त्याच सुरात. मला त्यात माया दिसते.

पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. लॉरेलला स्वतःला ते रडणं आवडायचं नाही. चेहरा चुरगाळून, डोक्यावरचे केस मुठीत धरून काढलेला तो बारीक सूर प्रेक्षकांना हवा असायचा, म्हणून तो काढत राहिला. आपल्या सगळ्या लकबींमध्ये नावडती अशी ही एकच, असं त्यानं आपल्या चरित्रकाराला सांगून ठेवलंय. म्हणजे तू त्याच्याकडून जे सगळ्यात आधी उचललंस, तेच त्याला सगळ्यात कमी प्रिय होतं.

आता 'झेरॉक्स' या शब्दाबद्दल. तो शब्द तुला फार लागलाय. पण तो लॉरेललाही चिकटवता आला असता, आणि तेही एका कार्यक्रमापुरता नाही.

त्याचा जन्म १६ जून १८९० चा, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या अल्व्हरस्टन गावातला. खरं नाव आर्थर स्टॅन्ली जेफरसन. वडील थिएटरं चालवायचे, नाटकं लिहायचे, आई अभिनेत्री. घरातच नाटक असलेल्या मुलाला शाळेत गोडी लागणं कठीण. १६ व्या वर्षी तो ग्लासगोच्या ब्रिटानिया पॅनॉप्टिकन नावाच्या म्युझिक हॉलमध्ये विनोदी नट म्हणून पहिल्यांदा एकटा उभा राहिला, अंगावर वडिलांचेच कपडे चढवून. आणि वडील प्रेक्षकांत! म्युझिक हॉल म्हणजे काय ते तुला लगेच कळेल. एकामागून एक गाणी, कसरती, नाच, बतावणीसारखे विनोदी प्रवेश. समोरचा प्रेक्षक कामावरून थेट आलेला, खाणारा-पिणारा, नाही आवडलं तर तोंडावर सांगणारा. आपल्या फडावरच्या सोंगाड्याला जे शिक्षण मिळतं तेच तिथल्या पोराला मिळायचं: पहिल्या दोन मिनिटांत पब्लिक हातात घे, नाहीतर घरी जा.

तिथून तो फ्रेड कार्नोच्या कंपनीत गेला. इंग्लंडमधल्या मूक विनोदी प्रवेशांचा हा मोठा मालक. सप्टेंबर १९१० मध्ये कार्नोची एक तुकडी 'केर्नरोना' या बोटीनं अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाली. तुकडीचा मुख्य नट होता चार्ली चॅप्लिन, आणि त्याचा बदली नट स्टॅन जेफरसन. बदली नट म्हणजे काय हाल असतात ते तुला ठाऊक असेल. दुसऱ्याची सगळी भूमिका श्वासासकट पाठ करायची, रोज विंगेत उभं राहून बघायची, आणि तो आजारी पडत नाही म्हणून गप्प बसायचं. दौऱ्यात दोघं एका खोलीत राहायचे. लॉजमध्ये स्वयंपाक करायला बंदी, म्हणून लॉरेल गॅसवर मटणाचे तुकडे तळायचा आणि तो चुरचुर आवाज बाहेर जाऊ नये म्हणून चॅप्लिन दाराशी बसून व्हायोलिन वाजवायचा, अशी आठवण लॉरेल पुढे सांगत असे.

१९१३ संपताना चॅप्लिन कंपनी सोडून सिनेमात गेला. वर्षभरात त्याची ती मिशी आणि काठी सगळ्या अमेरिकेनं डोक्यावर घेतली. मुख्य नट गेल्यावर कार्नोची ती तुकडीही मोडली. परक्या देशात काम शोधणाऱ्या स्टॅननं एका जोडप्याबरोबर 'कीस्टोन ट्रिओ' नावाचा संच काढला. त्यात तो काय करायचा? चॅप्लिन. तीच मिशी, तीच काठी, तीच चाल. त्या दिवसांत चॅप्लिनची नक्कल करणारे गल्लोगल्ली होते, पण ज्यानं खऱ्या चॅप्लिनला रोज रात्री विंगेतून पाहिलं होतं असा हा होता. नक्कल उत्तमच होत असणार. हे सगळं तो तुझ्याच वयाच्या आसपास करत होता.

मी हे तुझं सांत्वन करायला सांगत नाहीये. नक्कल ही शिकण्याची पहिली पायरी आहे, असं मी माझ्या प्रत्येक शिबिरात सांगते आणि मनापासून मानते. गाणाराही आधी गुरूच्या आवाजात गातो. मी स्वतः तिशीपर्यंत एका ज्येष्ठ अभिनेत्रीच्या आवाजात बोलत होते. तिचा वाक्याच्या शेवटी खाली येणारा स्वर, तिचं नाकातून हसणं. लोक कौतुकानं म्हणायचे, "अगदी त्यांच्यासारखं." मला ते प्रशस्तिपत्र वाटायचं. मग एका तालमीत दिग्दर्शकानं मला माझ्या आईशी फोनवर बोलताना ऐकलं. म्हणाला, "हा आवाज कुठे ठेवला होतास?" त्या रात्री मला झोप लागली नाही. तुझी ती रात्र कशी गेली असेल हे मला म्हणून कळतं.

लॉरेल त्या पायरीवरून हलला कसा, ते मात्र नीट बघ, कारण तो झटकन हलला नाही. १९१७ मध्ये त्याचा पहिला सिनेमा आला. लॉरेल हे आडनाव घेतलं, कारण 'स्टॅन जेफरसन'मध्ये इंग्रजीत १३ अक्षरं होतात आणि ते त्याला अशुभ वाटायला लागलं. त्यानंतरची आठ-नऊ वर्षं त्यानं एकट्यानं छोटे सिनेमे केले. ते मिळाले तर जरूर बघ. तुला तो ओळखूच येणार नाही. उड्या मारणारा, चटपटीत, आगाऊ, समोरच्याला टोप्या घालणारा माणूस. गाजलेल्या सिनेमांची विडंबनं त्यानं खूप केली, हशाही मिळवला. पण ते सगळं पाहताना मला सारखं वाटतं की हा माणूस घाईत आहे. प्रेक्षक निसटून जाईल या भीतीनं पळतोय.

१९२६ पर्यंत तो हॅल रोच स्टुडिओत विनोद लिहिणं आणि दिग्दर्शन करणं यातच रमला होता, अभिनय जवळजवळ मागे टाकला होता. मग ऑलिव्हर हार्डीचा घरी मटण शिजवताना हात भाजला आणि त्याच्या जागी लॉरेलला पुन्हा कॅमेऱ्यापुढे उभं केलं गेलं. पुढच्या वर्षी दोघांची जोडी जमली. १६ व्या वर्षी रंगमंचावर उभा राहिलेल्या मुलाला त्याचा रड्या सापडला तो ३७ व्या वर्षी. तू किती वर्षं स्किटं करतोयस ते तू लिहिलं नाहीस, पण २१ वर्षं नक्कीच नाहीत.

आणि तो सापडला कसा? 'द सेकंड हंड्रेड इयर्स' या १९२७ च्या छोट्या सिनेमात दोघं कैदी होते, म्हणून डोकी भादरली. केस वाढायला लागले तेव्हा लॉरेलचे केस वेडेवाकडे उभे राहायला लागले. आजूबाजूची माणसं बघून हसू लागली, तेव्हा त्यानं ते तसेच ठेवले. बुटांच्या टाचा काढून टाकल्या, त्यामुळे ती सपाट, पाय घसटत जाणारी चाल आली. म्हणजे तू आरशासमोर जे केस मेहनतीनं उभे करतोस, ते त्याच्या डोक्यावर कामातून उगवले होते. म्हणून ते त्याचे होते. तुझ्या डोक्यावर ते विग आहेत, केस खरे असले तरी.

मग त्याच्याकडून घ्यायचं काय? माझ्या मते एकच गोष्ट, आणि ती दिसायला सगळ्यात साधी आहे. लॉरेल पडद्यावर विचार करतो आणि तो विचार आपल्याला चालताना दिसतो. तो मूर्खपणाचा अभिनय करत नाही. त्या डोक्यात एक विचार शिरतो, हळूहळू पलीकडच्या टोकाला जातो, मध्येच वाट चुकतो, आणि हे सगळं तो आपल्यापासून काहीही न लपवता होऊ देतो.

१९३२ चा 'टोड इन अ होल' काढ. दोघं गाडीवर मासे विकत हिंडतायत. लॉरेलला एक कल्पना सुचते: मासे आपणच पकडले तर ते विकत घ्यायला नकोत, म्हणजे सगळा नफा आपला. चांगली, शहाणी कल्पना. हार्डीला पटते, पण नीट लक्षात आलेली नसते. तो म्हणतो, पुन्हा सांग. आणि दुसऱ्यांदा सांगताना त्या वाक्याचे तुकडे इकडचे तिकडे होतात. कोण कुणाला मासे विकतंय, नफा कुणाचा, काही कळेनासं होतं. इतकंच. पण त्या वेळी त्याचे डोळे बघ. तो विनोद करत नाहीये, अगदी मनापासून वाक्य पकडायला बघतोय. हातातून साबण निसटावा तसं ते निसटतंय आणि त्याला वाटतंय की अजून आहे हातात. असा प्रवेश दहा नटांना दिला तर नऊ जण वाक्य चुकताना प्रेक्षकांकडे बघतील. लॉरेल बघत नाही.

किंवा 'वे आउट वेस्ट'मधला अंगठा घे. तो मूठ वळतो, लायटर पेटवावा तसा अंगठा वर करतो आणि अंगठ्याच्या टोकाला ज्योत पेटते. त्याला त्यात काहीच विशेष वाटत नाही. पाइप पेटवायचा होता, पेटला. हार्डी मात्र चक्रावतो. सिनेमाभर गुपचूप स्वतः करून बघतो, जमत नाही. आणि जेव्हा अखेर त्याचा अंगठा पेटतो तेव्हा तो घाबरून ओरडतो. चमत्कार लॉरेलचा, पण हशा कुणाच्या चेहऱ्यावर फुटतो ते ध्यानात ठेव. मला पुढे ते लागणार आहे.

ही संथ गती आपोआप आलेली नव्हती. सिनेमा तयार झाला की आधी तो प्रेक्षकांना दाखवायचे, कुठे किती वेळ हशा टिकतो ते पाहायचे आणि त्याप्रमाणे कापाकापी करायचे, म्हणजे एका हशात पुढचं वाक्य बुडू नये. विनोद रचणं, प्रसंग बांधणं, संकलनात बसणं, हे सगळं लॉरेल करायचा, पडद्यावर त्याचं श्रेय येत नसतानाही. मोबाईलवर एकट्यानं पाहताना काही जागा तुला लांबलेल्या वाटल्या असतील. त्या भरलेल्या थिएटरसाठी मोकळ्या सोडलेल्या आहेत. तू घरी बसून त्याचं टायमिंग सेकंदासकट पाठ केलं असशील तर तू दुसऱ्याच प्रेक्षकांचा हशा पाठ केलायस. साताऱ्याच्या मंडळासमोर तो बसणार नाही.

तुझं औषधांचं दुकान हा तुझा खजिना आहे, हे तुला कुणी सांगितलंय का? गोळीचं नाव विसरलेला माणूस काउंटरवर उभा राहतो. "ती हो, पांढरी. गोल. मधे रेघ." तू तीन पाकिटं दाखवतोस. तो प्रत्येकाकडे तितक्याच आशेनं बघतो. त्याच्या चेहऱ्यावर तो विचार चालत असतो, पोचतो पोचतो म्हणताना मागे फिरतो. हाच लॉरेल आहे. फक्त तो अल्व्हरस्टनचा नाही, करंजे पेठेतला आहे. चार गोळ्या परत करायला आलेली आजी, चिठ्ठी घरी विसरून खिसे चाचपणारा नवरा, डॉक्टरांचं अक्षर स्वतःच मोठ्यानं वाचायला निघालेले पेन्शनर. रोज रात्री एक माणूस वहीत उतरव. बोलला काय त्यापेक्षा थांबला कुठे ते लिही. हे तीन महिने कर. या तीन महिन्यांत रडायचं नाही, केसांना हात लावायचा नाही. अवघड जाईल. हात आपोआप डोक्याकडे जाईल, तेव्हा तो खाली आणायचा आणि तिथे काय उरतं ते बघायचं.

प्रभाव घेणं म्हणजे काय, हे ज्यांनी खरोखर जमवलं ते लॉरेलच्याच देशातले दोन नट तुला सांगते. अ‍ॅलेक गिनेस १९३७ मध्ये, २३ व्या वर्षी, लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मधला सर अँड्र्यू एग्यूचीक करत होता. लांबुडका, बावरलेला, सगळ्यांच्या मागे राहणारा सरदार. २७ वर्षांनी, आपलं नाव जगभर झाल्यावर, त्यानं लॉरेलला पत्र लिहून कळवलं की ती भूमिका करताना नकळत तुम्हीच माझ्यासमोर होतात, तुम्ही ती कशी केली असती असं मनात धरून मी ती करत होतो. विचार कर, शेक्सपिअरच्या नाटकात लॉरेल! आणि समोर बसलेल्या कुणाला तो केसांवरून किंवा रडण्यावरून ओळखता आला नसता. दुसरा पीटर सेलर्स. त्याचं लॉरेलवर जिवापाड प्रेम. १९७९ च्या 'बीइंग देअर'मध्ये त्यानं जगाची काहीच माहिती नसलेला माळी केला, तेव्हा त्या माळ्याच्या सपाट, निरागस आवाजामागे लॉरेल होता. चाळिशी ओलांडलेला, सूटबूट घातलेला, अगदी शांत माणूस. कुठेही डोकं खाजवणं नाही. तरी लॉरेल तिथे आहे, कारण एक विचार त्या डोक्यातून सावकाश चालत जाताना आपल्याला दिसतो.

आणि ज्यांनी उघड नक्कल केली त्यांना लॉरेलनं कसं वागवलं? हेही सांगते, कारण तू स्वतःला चोर म्हणतोयस. म्हातारपणी तो सांता मोनिकाच्या एका छोट्या फ्लॅटमध्ये राहायचा. त्याचा नंबर टेलिफोन डिरेक्टरीत सरळ छापलेला होता. कुणीही फोन करावा, भेटायला यावं. डिक व्हॅन डाइक हा तरुण अमेरिकन नट असाच फोन करून गेला आणि म्हणाला की मी आयुष्यभर तुमच्याकडून चोरलंय. लॉरेल म्हणाला, ठाऊक आहे मला. पुढे १९६३ मध्ये व्हॅन डाइकनं आपल्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात लॉरेल साकारला आणि नंतर फोन करून विचारलं, कसा झाला? लॉरेलनं त्याला कपड्यांपासून एकेक तपशील दुरुस्त करून सांगितला. रागावला नाही. एका कारागिरानं दुसऱ्याला हत्यार कसं धरायचं ते दाखवावं तसं सांगितलं. फेब्रुवारी १९६५ मध्ये तो गेला, तेव्हा अंत्यविधीला श्रद्धांजलीचं भाषण याच व्हॅन डाइकनं केलं. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव घेणारा चोर नसतो, बाळा. तुझ्या स्किटच्या आधी सूत्रसंचालकाला सांगून लॉरेल-हार्डीचं नाव घ्यायला लाव, झालं.

परीक्षकांनी ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, असं मला वाटतं. मीही परीक्षक म्हणून बसते, कार्यक्रमानंतर बाजूला घेऊन सांगता येतं. पण त्यांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग जपून ठेव. 'यात तुमचं काय?' हा प्रश्न त्यांनी तुला हिणवायला विचारला असो की नसो, प्रश्न चांगला आहे.

आता तुझ्या मित्राकडे येऊ.

तू लिहिलंस, 'तो जाड्या, मी रड्या.' आणि त्याचं म्हणणं, 'मी नुसता मार खायला.' मला ते वाक्य वाचून खूप वाईट वाटलं. तू लॉरेलचा एवढा अभ्यास केलास आणि लॉरेलनं हार्डीसाठी काय केलं तेच तुझ्या नजरेतून सुटलं. आता त्या अंगठ्याकडे परत जा. कृती लॉरेलची असते. वीट तो सोडतो, दार तो उघडतो, शिडी तो फिरवतो. पण कॅमेरा जातो हार्डीच्या चेहऱ्याकडे. हार्डी आपल्याकडे सरळ बघतो, टायशी चाळा करतो, सुस्कारा टाकतो, आणि हशाची दुसरी, मोठी लाट तिथे येते. हे प्रसंग रचणारा लॉरेल होता. म्हणजे कागदावर सगळं स्वतःच्या हातात असताना त्यानं हशाचा शेवट पुन्हा पुन्हा जोडीदाराच्या ओंजळीत टाकला. नुसतं हार्डीनं आपल्याकडे बघणं हाही एक विनोद आहे, हे त्याला कळलं होतं.

'द म्युझिक बॉक्स' पुन्हा पाहा, पण या वेळी फक्त हार्डीकडे बघत. तुझं पत्र वाचल्यावर मी तेच केलं. १९३२ सालचा, तीन रिळांचा सिनेमा, लघु विनोदी चित्रपटासाठीचं पहिलं ऑस्कर त्याला मिळालं. लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागातला तो उंच जिना अजून आहे. पेटीत बांधलेला पियानो जिन्यावरून वर न्यायचा, एवढीच गोष्ट. पियानो पुन्हा पुन्हा घरंगळत खाली येतो. अखेर घामाघूम होऊन वर पोचतात तेव्हा पोस्टमन सांगतो, पलीकडून रस्ता होता की, गाडी थेट दारापर्यंत आली असती. आणि हे दोघं काय करतात? पियानो परत जिन्यानं खाली नेतात, गाडीत घालतात आणि रस्त्यानं वर आणतात. हा विनोद कुणा एकाचा आहे, सांग बरं? रस्त्याची बातमी ऐकल्यावर दोघांपैकी एकालाही 'आता राहू दे की' असं वाटत नाही, यात तो आहे. एकटा माणूस असा शहाणपणानं चुकूच शकत नाही. त्याला साथ लागते.

मूकपट आणि बोलपट, छोटे आणि मोठे मिळून १०७ सिनेमांत ते दोघं एकत्र दिसले. लॉरेलचा पगार हार्डीपेक्षा जास्त होता आणि हार्डीला त्याचं काही वाटायचं नाही, कारण चित्रीकरण संपल्यावर तो गोल्फ खेळायला जायचा आणि लॉरेल रात्री उशिरापर्यंत संकलनात बसायचा. म्हणजे कामाची वाटणी सारखी नव्हती, तरी दोघांना ती मान्य होती. तुमच्यात ही बोलणी कधी झालीत का? लिहितो कोण, वेशभूषेला पैसे कोण घालतो, मानधनाचं पाकीट कोण फोडतो? मित्र आहोत म्हणून हे बोलायचं राहून जातं, आणि मग ते 'मी नुसता मार खायला' अशा वाक्यातून बाहेर येतं.

१९५३ च्या सप्टेंबरात दोघं बोटीनं आयर्लंडच्या कोव्ह बंदरात उतरले. तेव्हा त्यांचे चांगले दिवस सरले होते, सिनेमे थांबले होते, ब्रिटनमधल्या नाट्यगृहांतून दौरे चालू होते. बंदरावर माणसांची दाटी झालेली. आणि तिथल्या सेंट कोलमन कॅथीड्रलच्या घंटांमधून त्यांच्या सिनेमांची ती कोकिळेच्या हाकेसारखी सुरावट वाजायला लागली. चर्चच्या घंटा, आणि त्यांच्या विनोदी सिनेमाची धून! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही रडले. लॉरेलनं ही आठवण पुढे सांगितली आहे. ते रडणं कॅमेऱ्यासाठी नव्हतं.

हार्डी ७ ऑगस्ट १९५७ ला गेला. लॉरेलची तब्येत इतकी खालावली होती की त्याला अंत्ययात्रेलाही जाता आलं नाही. त्यानंतर तो साडेसात वर्षं जगला. १९६१ मध्ये त्याला मानाचं ऑस्कर मिळालं. कामं सांगणारेही होते. पण हार्डीशिवाय तो पुन्हा एकदाही रंगमंचावर किंवा पडद्यावर आला नाही.

म्हणून मित्राला काय सांगू असं विचारलंस, तर माझं म्हणणं, काही सांगू नकोस, विचार. या रविवारी त्याच्या घरी जा. स्किटची संहिता नेऊ नकोस, मोबाईलवर काही दाखवू नकोस. दुकानातली ती वही ने. गोळीचं नाव विसरलेल्या माणसाचं पान उघड आणि त्याला सांग की काउंटरच्या आत तू उभा राहा, बाहेर मी राहतो. तुला राग कधी येतो, कसा येतो, ते तूच ठरव. तो सावकाश चिडेल की पटकन, चिडला की ओरडेल की अतिशय गोड बोलायला लागेल, हे त्याचं त्याला सापडू दे. मध्ये बोलू नकोस. मग जागा बदला. तू आत, तो बाहेर. तोही कदाचित सुंदर विसरत असेल, तू कधी पाहिलंच नसशील. हे करताना तो अंगानं जाड आहे यावर एकही विनोद नको. इतकी वर्षं तो ते मुकाट ऐकतोय, असा माझा अंदाज आहे.

ती दहा मिनिटं उभी राहिली की सोसायटीच्या एखाद्या छोट्या कार्यक्रमात करून बघा. कुठे हसले, कुठे नाही, ते दोघांनी वेगवेगळं लिहा आणि मग वह्या एकमेकांना दाखवा. पहिल्यांदा तुझ्या नेहमीच्या स्किटपेक्षा हशा कमी येईल. त्यानं घाबरून केस उभे करू नकोस.

झालं की मला लिही. या वेळी पत्राखाली 'दोन वाचक, सातारा' असं लिहा, आणि त्यातली निम्मी पानं त्याच्या हातची असू देत.

तुझी,
ताई